सल्लागार फक्त फोटोपुरते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रिक मोटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तांत्रिक सल्लागारांवरचा माझा लेख म्हणजे नुसती आरती झाली. ही मंडळी तीन महिन्यांतून एकदा उगवतात, गुंतवणूकदारांना दाखवायला त्यांचे फोटो लागतात, राबतात मात्र टेस्टिंगची आणि वाइंडिंगची (मोटरमध्ये तार गुंडाळणारी) माणसं. शिवाय हल्ली सगळं सिम्युलेशनमध्ये दिसतं. तुमच्या चाचणीच्या बेंचवरची मोटर आवाज करत होती तेव्हा सल्लागारांनी लांबूनच ‘बेअरिंग बदला’ म्हटलं. बेअरिंग बदललं, आवाज तसाच.

फोटोंबद्दल वादच नाही. ज्याला मानधनाऐवजी शेअर्स दिलेत आणि जो टेस्ट रिपोर्ट कधी मागत नाही, तो सल्लागार नव्हे, सजावट आहे. शेअर्स हातात असलेल्या माणसाला ‘हे मॉडेल बाजारात आणू नका’ म्हणणं जड जातं, हे मी लेखात लिहायला हवं होतं. राहून गेलं, चूक माझी.

सिम्युलेशनचं मात्र पटत नाही. सॉफ्टवेअर विचारलेल्याचं उत्तर देतं, न विचारलेल्याचं देत नाही. त्यात आपण मोटरच्या गाभ्यातल्या स्टीलचे आकडे भरतो ते बहुधा कोऱ्या पत्र्याचे. पंचिंगमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून कापताना, कडा दबल्या की तिथलं लोखंड चुंबकीय दृष्ट्या बिघडतं, आणि ज्यावर तारेचं वेटोळं (कॉइल) गुंडाळतात तो छोट्या मोटरचा लोखंडी दात इतका अरुंद असतो की त्यात कडाच जास्त. मग बेंचवर आयर्न लॉस, म्हणजे लोखंडात वाया जाणारी ऊर्जा, गणितापेक्षा वर निघतो आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतात. हा फरक आधीच धरून चालायला असे फटके खाल्लेला माणूस लागतो.

आता माझ्यासमोर घडलेली गोष्ट. मी एका छोट्या कंपनीत होतो. जुन्या मोटरला 12 स्लॉट (दातांमधल्या, कॉइल बसायच्या खाचा) आणि 8 पोल (रोटरवरचे, म्हणजे फिरणाऱ्या भागावरचे चुंबकीय ध्रुव) होते, आणि हाताने शाफ्ट फिरवला की अडकत अडकत फिरायचा. हे कॉगिंग कमी करायला आम्ही 9 स्लॉट, 8 पोल घेतले. गणित सोपं आहे: 12 आणि 8 चा लसावि 24, 9 आणि 8 चा 72. म्हणजे एका फेऱ्यात झटके 24 ऐवजी 72, पण प्रत्येक झटका बारीक. नमुना दोन बोटांनी फिरवला तर काही जाणवेना. आम्ही खूश.

आमच्या सल्लागार मॅडमनी शाफ्टला हातही लावला नाही. वाइंडिंगचा नकाशा मागवला, लाल मार्कर घेतला आणि एका फेजच्या, म्हणजे मोटरच्या तीन विद्युत गटांपैकी एकाच्या, कॉइल्स रंगवल्या. तीन कॉइल्स, तिन्ही शेजारशेजारच्या दातांवर. मग एवढंच विचारलं, “ह्या तिघी एका अंगाला. समोरून ओढायला कोण आहे?”

समोर कोणीच नव्हतं. त्या फेजमधून करंट गेला की रोटरवरची ओढ एकाच बाजूला, आणि फेज बदलतील तशी ती ओढही गोल फिरणार. बोटांनी फिरवताना करंट नसतो, म्हणून काही कळत नाही. लोड आला की कंप, गुणगुण आणि काही महिन्यांनी बेअरिंगची तक्रार. त्यांनी 12 स्लॉट, 10 पोल सुचवले. लसावि 60, म्हणजे कॉगिंगमध्ये फारसं काही गमावलं नाही, आणि प्रत्येक फेजच्या कॉइल्स समोरासमोर जोड्यांनी बसल्याने ओढ तोलली गेली.

ह्यात हुशारीपेक्षा वेळ महत्त्वाची होती. स्टॅम्पिंगच्या डायची, म्हणजे पत्रे कापायच्या साच्याची, ऑर्डर त्याच आठवड्यात जाणार होती. डाय कापून झाल्यावर हाच सल्ला म्हणजे वरातीमागून घोडं. तुमचे सल्लागार तीन महिन्यांतून एकदा येतात हे वाईट नाही. ते डाय झाल्यावर येतात का, हे मला विचारायचं आहे.

आणि ह्याच मॅडम पुढे चुकल्याही. कार्यक्षमता वाढवायला स्लॉटमध्ये आणखी जाड तार बसवा म्हणाल्या. आमच्या वाइंडरकाकांनी एक कॉइल भरून दाखवली आणि म्हणाले, “मॅडम, कागदावर बसतंय, हाताने बसत नाही.” तार दाबून घालताना एनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, खरवडलं गेलं होतं आणि सर्ज टेस्टला (वाइंडिंगला व्होल्टेजचा क्षणिक झटका देऊन बघतात तिला) ते लगेच दिसलं. मॅडमनी तिथल्या तिथे आकडा खोडला. खरं काम वाइंडिंगवाले करतात हे तुमचं वाक्य मला मान्य आहे ते इथे. मात्र हा सल्लागार काढून टाकण्याचा मुद्दा नाही, त्याला वाइंडरच्या टेबलाशी आणून बसवण्याचा आहे.

हे भांडण मोटरइतकंच जुनं आहे, म्हणा. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस ह्या वीजयंत्रांच्या कंपनीने 1888 मध्ये निकोला टेस्ला ह्या संशोधकाची पेटंटं घेतली आणि त्याला सल्लागार म्हणून पिट्सबर्गला बोलावलं. कंपनीची वीजयंत्रणा सिंगल फेजची, 133 हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला 133 आवर्तनं करणारी. टेस्लाची मोटर बहुफेजी, कमी वारंवारतेवर नीट चालणारी. इंजिनिअर मोटरला यंत्रणेत बसवू पाहत होते, हा यंत्रणाच बदला म्हणत होता. साधारण वर्षभरात तो निघून गेला. पुढे काही वर्षांत कंपनी 60 हर्ट्झवर आली, पण कारखान्यात बनवता येईल अशी मोटर उभी केली ती लॅम आणि स्कॉट ह्या कंपनीच्याच इंजिनिअरांनी. तुम्ही ही गोष्ट तुमच्या बाजूने वापरू शकता, मी माझ्या.

राहिली तुमची आवाजाची मोटर. लांबून निदान करणाऱ्यांत मलाही जमा कराल, तरी एक करून बघा. लोडवर पूर्ण वेगात असताना सप्लाय तोडा आणि कान द्या. आवाज त्याच क्षणी गेला तर तो करंटमुळे येतोय, बेअरिंग कितीही बदला. वेग उतरेल तसा हळूहळू विरला तर मामला बहुधा मेकॅनिकल, आणि सल्लागार निम्मे बरोबर. स्लॉट किती, पोल किती तेही कळवा. 9 आणि 8 असतील तर मार्कर घेऊन बसू.