खतावणी रोझलिनच्या हातात होती

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर 29 डिसेंबर 2024 ला गेले, वयाची शंभरी गाठून. त्यानंतर आपल्याकडे जे लिहून आलं ते बहुतेक इराणमधले ओलीस, कॅम्प डेव्हिडचा इजिप्त-इस्रायल समझोता आणि 2002 चं नोबेल एवढ्यावर आटोपलं. "शेतकऱ्याचा मुलगा, नौदलातला अधिकारी, शेंगांचा व्यापारी, कुटुंबवत्सल माणूस" हे सगळं एका ओळीत उरकलं होतं. मला रस आहे तो त्या ओळीत. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तो असायचाच. फौजेतून परत येऊन गावात कृषी सेवा केंद्र टाकलेला एखादा मामा नाहीतर चुलता आमच्याकडे घरटी सापडेल. कार्टरांचं दुकान नेमकं तेच होतं. बियाणं, खत उधारीवर द्यायचं, सुगीला वसुली करायची. पावसाने दगा दिला की शेतकरीही बुडाला आणि दुकानदारही.

आधी "शेतकऱ्याचा मुलगा" घेऊ. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावाजवळ आर्चरी नावाची वस्ती, तिथे वडिलांची शेती. पोरगं तेरा-चौदा वर्षांचं होईपर्यंत घरात वीज नव्हती. पाच-सहा वर्षांचा जिमी शेंगा उपटून आणायचा, धुऊन मिठाच्या पाण्यात उकडायचा आणि पुड्या करून प्लेन्सच्या रस्त्यावर विकायचा. हे ऐकायला गोड आहे, खरंही आहे. पण वडील जमीनमालक होते, आणि त्या जमिनीत राबणारी माणसं बहुतांश काळी होती, वाट्याने कसणारी. वडिलांना गोऱ्या-काळ्यांमधला भेदभाव मान्य होता. आई लिलियन नर्स, ती मात्र काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन उपचार करायची. शेतकऱ्याचा मुलगा म्हटलं की अनवाणी पाय डोळ्यासमोर येतात. सातबारा कुणाच्या नावावर होता ते कुणी विचारत नाही.

1946 मध्ये अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी 7 जुलैला गावातल्याच रोझलिन यांच्याशी लग्न केलं. पुढे पाणबुड्यांवर नोकरी, मग अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडीच्या कार्यक्रमात निवड. डिसेंबर 1952 मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली, तेव्हा मदतीला गेलेल्या एका तुकडीचे प्रमुख कार्टर होते. किरणोत्सर्ग एवढा की एका माणसाने आत जेमतेम दीड मिनिट थांबायचं. म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. तिथे तालीम करायची, मग आत धावायचं, ठरलेले नटबोल्ट फिरवायचे, बाहेर पळायचं. पुढचे कित्येक महिने त्यांच्या लघवीत किरणोत्सर्ग सापडत होता. लढाई न लढलेला फौजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

1953 च्या जुलैत वडील स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. कुणाची उधारी माफ केलेली, कुणाला गुपचूप कपडे दिलेले. ते बघून कार्टरांनी नौदल सोडायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे एकट्यानेच. रोझलिनना विचारलंच नाही.

त्यांना नौदलातलं आयुष्य आवडत होतं. सासर-माहेर दोन्ही एकाच गावात, आणि त्या गावातून एकदाच्या सुटलो म्हणून त्या खूश होत्या. परतीच्या प्रवासात गाडीत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. कुठे थांबायचं असलं तरी थोरल्या मुलामार्फत, जॅकमार्फत निरोप! उतारवयात कार्टरांनी स्वतःच हे सांगितलंय, ओशाळून. बरं, एवढ्यावर शहाणे झाले म्हणाल तर तसंही नाही. 1962 मध्ये राज्याच्या सिनेटला, म्हणजे वरिष्ठ सभागृहाला, उभं राहायचं ठरलं तेव्हा सकाळी कामाच्या कपड्यांऐवजी ठेवणीतली पँट चढवताना बघून बायकोला कळलं.

गावी आल्यावर सरकारी घरकुलात बिऱ्हाड. पहिल्याच हंगामात दुष्काळ, वर्षाचा नफा तीनशे डॉलरसुद्धा नाही. कार्टर खताची पोती स्वतः उचलायचे. अशा वेळी रोझलिन दुकानात येऊन बसायला लागल्या. हिशेबाचं पुस्तक आणून शिकल्या, रोजकीर्द-खतावणी ताब्यात घेतली. कुणाकडे किती बाकी आहे, कोणत्या धंद्यात पैसा आहे आणि कोणता नुसताच ओढायचा, हे थोड्याच दिवसांत नवऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळायला लागलं. पुढे अध्यक्ष झाल्यावर मंत्रिमंडळाच्या बैठकीत पत्नी बसते म्हणून वॉशिंग्टनने भुवया उंचावल्या. ज्यांनी दुकानाचा गल्ला पाहिला होता त्यांना त्यात काही नवल वाटलं नसेल.

याच दुकानावर बहिष्कारही आला. शाळांमधला वर्णभेद टिकवण्यासाठी गोऱ्या लोकांनी गावोगाव मंडळं काढली होती. वर्गणी पाच डॉलर. कार्टरांनी नकार दिला. तुमची वर्गणी आम्ही भरतो, असं सांगायला गिऱ्हाइकं आली, तरीही नाहीच. उधारीवर धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकांसमोर असा नकार देणं किती जड जातं, ते गावात दुकान चालवलेल्यालाच ठाऊक. पण तो नकार परवडला तो खतावणी भक्कम होती म्हणून, असं माझं मत. तत्त्वाला रोखीचा आधार लागतो, आणि तो आधार घरातली बाई सांभाळत असते. चरित्रात मात्र तत्त्वाचं प्रकरण वेगळं आणि बायकोचं वेगळं.

अध्यक्ष झाल्यावर हितसंबंध नकोत म्हणून धंदा विश्वस्ताकडे सोपवला. चार वर्षांनी, 1981 मध्ये, घरी येऊन बघतात तर डोक्यावर दहा लाख डॉलरच्या घरात कर्ज. गोदाम विकून आणि मग पुस्तकं लिहून ते फेडलं. राहिले शेवटपर्यंत 1961 सालच्या त्याच साध्या घरात. 77 वर्षांचा संसार. नोव्हेंबर 2023 मध्ये रोझलिन गेल्या. कार्टरांना कुटुंबवत्सल म्हणायला माझी ना नाही. फक्त ते तसे एकदम झाले नाहीत, आणि त्याची किंमत आधी बायकोने मोजली, एवढं त्या ओळीत कुठेतरी यायला हवं होतं.

जाता जाता, या घरच्या दुसऱ्या बाईबद्दल. लिलियनबाई वयाच्या 68 व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या परदेशी सेवा योजनेच्या स्वयंसेविका म्हणून 1966 मध्ये भारतात आल्या आणि राहिल्या कुठे, तर आपल्या विक्रोळीत. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम केलं. विक्रोळीतल्या जुन्या घरांमध्ये कुणाच्या आईला, आजीला ही गोरी म्हातारी नर्स आठवत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. ऐकीव असलं तरी चालेल, पण कुणाकडून ऐकलंय तेही सांगा.