आठ म्हणजे आठच का?

एचआयव्हीची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, हे बरोबरच आहे. पण ठरल्या वेळी म्हणजे मिनिटाच्या काट्यावर, जरा उशीर झाला की गोळी वाया, असं जे लोकांच्या डोक्यात बसलंय त्यानंच गोळ्या चुकतात. औषधाच्या दुकानात उभा राहून मी हे बघत आलोय. वेळ रात्री आठची. आठवण होते साडेनऊला. मग माणूस म्हणतो, "वेळ गेली, आता उद्याच." दीड तासाच्या उशिरानं काही बिघडलं नसतं. त्याच्या धास्तीनं त्यानं अख्ख्या दिवसाचा खाडा केला.

सरकारी एआरटी केंद्रातून (एआरटी म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार) आता बहुतेक मोठ्या माणसांना मिळते ती टीएलडी. टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. उशीर झाला तर आठवेल तेव्हा घेऊन टाकायची. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी राहिले असतील तर मात्र राहिलेली सोडून द्यायची आणि पुढची तिच्या वेळेला घ्यायची. भरपाई म्हणून दोन एकदम गिळायच्या नाहीत. याचा अर्थ रोज मनाला येईल तेव्हा घ्या असा कुणी काढू नये. वरचेवर खाडे झाले की रक्तातलं औषध कमी पडतं, विषाणूला डोकं वर काढायला सवड मिळते आणि तो त्याच औषधाला दाद देईनासा होतो. उशीर आणि खाडा यांत फरक आहे, एवढंच माझं म्हणणं.

हा कडकपणा आला कुठून, तेही सांगतो. 1 एप्रिल 2004 ला देशात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्या दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी घ्यायच्या होत्या. पुढं दिवसाला एकच गोळी आली, पण तिच्यात एफाविरेन्झ. त्यानं गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती रात्री झोपताना, तेलकट-तुपकट जेवणावर नको, असं सांगायचे. गोळी बदलली, पण जुने नियम डोक्यात राहिले. टीएलडीला असं रात्रीचं बंधन नाही. उलट डोल्युटेग्राविरनं काहींची झोप उडते. रात्री टक्क जागे राहणारे लोक वर्षभर तसेच सोसतात, पण "सकाळी घेतली तर चालेल का" हे केंद्रात विचारत नाहीत. विचारा की! चालतं.

माझ्या मते वेळ ठरवताना पहिला प्रश्न हा असावा: तुझा दिवस कसा जातो? कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारा एक गडी माझ्याकडं येतो. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात, अशा फिरत्या पाळ्या. कागदावर मांडून बघितलं, तर तिन्ही पाळ्यांत तो घरी आहे असा एक तासही निघेना. म्हणजे कुठल्या ना कुठल्या आठवड्यात गोळी कारखान्यातच घ्यावी लागणार. शेवटी रात्री आठ ठरली. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीला तेव्हा तो घरी जागा असतो, आणि दुसऱ्या पाळीला नेमकी जेवणाची सुट्टी असते. डब्याच्या पिशवीत पुडीत एक गोळी. कुणी विचारलंच तर बीपीची. केंद्रातल्या समुपदेशकांना दाखवलं, त्यांनीही होकार दिला. आता सोबतचे त्याला "मर्दा, लोणचं जरा कमी खा" म्हणून सांगतात, तेवढं तो ऐकून घेतो.

कारण खरी अडचण घड्याळाची नसतेच, लपवण्याची असते. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी पिशवीत खुळखुळते. एका ताईनं आवाज होऊ नये म्हणून आत कापूस कोंबला होता आणि जागा व्हावी म्हणून सिलिका जेलची पुडी काढून टाकली होती. ती पुडी काढू नका, गोळीला ओल लागते. 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो की तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कुणी उघड करायची नाही. चांगला कायदा आहे. पण तो काही सासूबाईंच्या फळीवर राखणीला बसत नाही. म्हणून घर गाढ झोपेत असताना किंवा सगळे कामाला गेल्यावर, अशी वेळ कुणी निवडली तर तिला नावं ठेवू नयेत. ती रोज पाळली जाते ना, मग झालं.

आपल्याकडचा आणखी एक खास खाडा म्हणजे जेवणावळीचा. मित्रांसोबत तांबडा-पांढरा, त्याच्या आधी 'बसणं', आणि "आज घेतलीय, तर गोळी नको." अहो, दारूनं लिव्हरचं नुकसान होतं ते होतंच, पण टीएलडी आणि दारू पोटात एकत्र आली म्हणून विष होत नाही. गोळी घ्या. संकष्टीलाही घ्या, ही उपाशीपोटी चालते.

एका बाबतीत मात्र मी घड्याळ काढून बसतो. टीबीचं औषध सुरू असेल तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळं डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर बाहेर पडतं, म्हणून डोल्युटेग्राविरचीच 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे. तिथं ढिलाई नको. फिटची किंवा साखरेची गोळी असेल तर तेही केंद्रात सांगायला हवं. साखरेच्या मेटफॉर्मिन या गोळीचा डोस कमी ठेवावा लागतो.

आणि आता आम्हा दुकानदारांकडं येतो. कॅल्शियम, लोह आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. टीएलडी त्यांच्या आधी दोन तास किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी घ्यायची, असं अंतर लागतं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी भरल्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतली तर चालते, ॲसिडिटीच्या अशा औषधाला ती सवलत नाही. (गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाणाऱ्यांनी घाबरू नये. टीएलडी जेवणाबरोबर घेत असाल तर दुधातल्या कॅल्शियमचा प्रश्न येत नाही.) आता मिसळ खाऊन जळजळ झाली म्हणून ॲसिडिटीची बाटली मागणारा माणूस काउंटरवर चारचौघांत "मला एआरटी आहे" असं सांगेल का? आणि आपण तरी कसं विचारणार?

म्हणून मी विचारतच नाही. ही औषधं देताना प्रत्येकाला सांगतो, "रोजची दुसरी कुठली गोळी चालू असेल तर एकत्र घेऊ नका, किती अंतर ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा." थायरॉइडवाल्यांनाही हे लागतंच, त्यामुळं कुणी चमकून बघत नाही. एक व्यवसायबंधू मला म्हणाले, एवढं सगळ्यांना सांगत बसायला वेळ कुणाला आहे? मी घड्याळ लावून बघितलं. सुट्टे पैसे शोधण्यात याहून जास्त वेळ जातो.

केंद्र लांब असेल आणि अडलं असेल तर 1097 वर फोन करा. तो मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.