बसतंय ना साहेब!

"बसतंय ना साहेब, मग चालणारच!" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर बोललं तर त्याच्या तोंडात फॅन बेल्ट कोंबीन. गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर (मेकॅनिकच्या भाषेत डायनामो) म्हणजे काय कपाटाचा ड्रॉवर आहे का, मापात बसला की झालं?

झालं असं, की गाडीत मागे हजार वॅटचा अँप्लिफायर आणि वूफर टाकला (हौस माझीच, मान्य). रात्री दणका बसला की हेडलाइट मिणमिणायचे. त्यात लायटरच्या सॉकेटमधला पन्नास रुपयांचा व्होल्टमीटर घाटात 12.6 व्होल्ट दाखवायचा. इलेक्ट्रिशियनने बघितलं न बघितलं आणि निकाल दिला: "डायनामो मेला. 180 अँपिअरचा टाका, लाइफटाइम टेन्शन नाही." मीही मान डोलावली. बावीस हजार मोजले.

आता कळलंय की तो मेला-बिला नव्हता! हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत, माझ्याही, चार्जिंग किती करायचं ते इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. पाय अॅक्सिलरेटरवर असला की डिझेल वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, पाय काढला की पंधराच्या आसपास नेऊन फुकटात बॅटरी भरून घेतो. मी घाट चढत होतो राव! 12.6 दिसणारच होतं. उतरताना एकदा मीटरकडे बघितलं असतं तर बावीस हजार खिशात राहिले असते.

बरं, नवीन तरी धड चालावा? बोल्ट जुळले, पुली जुळली, पट्टा चढला. पण इसीयू अल्टरनेटरच्या रेग्युलेटरशी (व्होल्टेज सांभाळणारा भाग) एका वायरीवरून सतत बोलत असतो, लिन बस म्हणतात तिला. हा म्हणतो इतकं व्होल्टेज दे, तो सांगतो माझ्यावर इतका लोड आहे. नव्याची भाषाच वेगळी. समोरून उत्तर येईना म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा, आणि तिकडे रेग्युलेटर आपला कुणाचंही न ऐकता 13.8 वर ठाण मांडून. लोडचा निरोपच पोचत नाही, त्यामुळे इसीयू आयडलिंग आधीपासून वाढवून ठेवत नाही. सिग्नलला एसी आणि वूफर एकदम लागले की इंजिन थंडी वाजल्यासारखं कुडकुडतं.

आणि 180 अँपिअर म्हणजे कधी? अल्टरनेटर सहा हजार आरपीएमला फिरत असेल तेव्हा. आयडलिंगला तो दोन हजारांच्या आसपास फिरतो, तिथे निम्मेही मिळाले तर नशीब. म्हणजे चांदणी चौकात अर्धा तास उभं राहिलं की हेडलाइट पूर्वीसारखेच मिणमिणतात!

लाल दिव्याची तक्रार घेऊन इलेक्ट्रिशियनकडे गेलो, तर हा शहाणा म्हणतो, "वायर कट करून बल्ब लावून देतो, दिवा जाईल." अरे बाबा, ती आयडिया जुन्या गाड्यांची! तिथे डॅशबोर्डच्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या आतल्या फील्ड कॉइलला सुरुवातीचा करंट जायचा. इथे कॉम्प्युटर बसलाय, त्याला बल्ब दाखवून काय फसवणार?

हे कमी होतं म्हणून अँप्लिफायरची निगेटिव्ह वायर पठ्ठ्याने थेट बॅटरीच्या टर्मिनलला आवळली होती. तिथेच तर करंट मोजणारा सेन्सर असतो! वायर त्याच्या पलीकडे बॉडीला लावली तरच हिशोब लागतो. ही बाहेरच्या बाहेर गेलेली, त्यामुळे वूफर किती खातोय याचा इसीयूला पत्ताच नाही. बॅटरी भरलेली समजून बसतो आणि सकाळी स्टार्टर नुसता 'टक्' करतो. खरं तर नवी चांगली बॅटरी, जाड अर्थिंग आणि ही एक वायर नीट लावली असती तर जुन्या 90 अँपिअरवरच निभावलं असतं. हे मला फुकटात कुणी सांगितलं? टोइंगवाल्याने. गाडी हुकला लावता लावता.

शेवटी म्हटलं, जाऊ दे, जुना परत बसव. तर म्हणतो कसा, "जुना? तो तर त्याच दिवशी भंगारात गेला ना साहेब."

आता रविवारी नाना पेठेत, हातात पार्ट नंबरची चिठ्ठी घेऊन, तोच रेग्युलेटरवाला अल्टरनेटर शोधत फिरायचंय. 180 अँपिअरचा कुणाला हवा असेल तर सांगा. जेमतेम अकराशे किलोमीटर चाललाय. बसतोय मात्र अगदी फिट्ट.