खुलासा: रॉकेटचा धूर मोटरीच्या अक्षरावर ठरत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मॉडेल रॉकेट उडवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'रॉकेटमागे दाट धूर हवा असेल तर मोठ्या अक्षराची मोटर घ्या, नाहीतर छोट्या मोटरीत फटाक्याची दारू मिसळा.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर जिवावर बेतणारी.

मोटरीवरचं इंग्रजी अक्षर फक्त एकूण आवेग सांगतं, म्हणजे मोटर जळून संपेपर्यंत रॉकेटला मिळणारा एकूण रेटा. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय म्हणजे ३२० ते ६४०. धूर ठरतो तो इंधनाच्या मिश्रणावर. एरोटेक या एकाच कंपनीच्या मोटरी बघा: व्हाइट लाइटनिंग या इंधनाचा धूर पांढरा नि दाट, ब्लॅक जॅकचा काळा. ब्लू थंडर कितीही मोठ्या अक्षराची घ्या, धूर नावालाच. निळ्या आभाळात पांढरा उठून दिसतो. आपल्याकडच्या पावसाळी, भरलेल्या आभाळात मात्र काळाच. इंधनाचा प्रकार कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दिलेला असतो, तो वाचूनच निवड करा.

मोटरीत कंपनीने दिलेल्याखेरीज काहीही भरू नका. फटाक्याची दारू वेगळ्या वेगाने जळते, आतला दाब क्षणात वाढतो आणि केसिंग, म्हणजे मोटरीचं बाहेरचं कवच, फुटतं. शिवाय ही इंधनं भारतात स्फोटकांच्या कायद्याखाली येतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.