बारावं लागलं की सरलं?

वर्षभर ज्या पोराला "आता तू काही लहान नाहीस" असं दिवसातून चारदा ऐकवलेलं असतं, त्यानं रेल्वेच्या अर्ध्या तिकिटासाठी फलाटावर पाय ठेवताच पुन्हा लहान व्हावं अशी आपली अपेक्षा असते. ते त्याला जमत नाही. मुरलेल्या टीसीला हे पक्कं ठाऊक असतं. तो आईबापाला काही विचारतच नाही, पोराकडे वळून मधाळ आवाजात म्हणतो, "काय रे बाळा, कितवीत आहेस?"

वय पढवलेलं असतं. इयत्ता पढवायची राहून जाते.

हा प्रश्न साधा वाटला तरी त्यात गणित आहे. सध्या महाराष्ट्रात पहिलीत जाण्यासाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे एका वर्गातली पोरं साधारण एकाच सालातली. सहावीची परीक्षा देऊन हा वर्ग मे महिन्यात गावाला निघाला की त्याची सरळ फाळणी होते. जानेवारी ते एप्रिलवाल्यांची 12 पूर्ण, तिकीट पूर्ण. जून ते डिसेंबरवाले अजून 11 चे, तिकीट अर्धं. पाचवीच्या पोरासाठी छाती काढून बोलावं, आठवीच्या पोरासाठी तोंडच उघडू नये. खरी कुस्ती सहावी-सातवीतली. त्यातही ऑक्टोबरात जन्मलेला, पाच फूट उंचीचा, ओठांवर लव फुटलेला मुलगा ज्यांच्या पदरी पडलाय, त्या माउलीची मला फार कीव येते. ती शंभर टक्के खरं बोलत असते आणि अख्खा डबा तिच्याकडे चोर म्हणून बघत असतो.

नियम मराठीत छापला असता तर निम्मी भांडणं वाचली असती. 5 पूर्ण होईपर्यंत फुकट, 5 ते 12 पूर्ण होईपर्यंत अर्धं. म्हणजे बारावं 'लागलं' तरी चालतं, 'सरलं' की संपलं. पण आजी मध्येच कौतुकानं सांगते, "बारावं लागलंय हो त्याला!" तिच्या हिशेबानं ते बरोबरच असतं. टीसीला त्यातलं फक्त 'बारा' ऐकू येतं. म्हणून आजीला खिडकीशी बसवून हातात भुईमुगाच्या शेंगा द्याव्यात, म्हणजे ती साक्षीला येत नाही.

मुळात अर्ध्या तिकिटात मिळतं काय, तेही नीट समजून घ्या. 21 एप्रिल 2016 पर्यंत आरक्षित डब्यात अर्धे पैसे भरून पोराला अख्खा बर्थ मिळायचा. त्या दिवसापासून बर्थ हवा तर मोठ्या माणसाएवढं भाडं, अर्धं भाडं भरलं तर बर्थ नाही. चेअर कारमध्ये हा अर्ध्याचा पर्यायच ठेवलेला नाही. पाचाखालच्यांनाही स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण पैसे. म्हणजे ज्या पोराचं वय सिद्ध करायला आपण एवढे दमतो, ते शेवटी आईच्याच बर्थवर, तिच्या नाकाशी पाय करून झोपणार असतं. आईचंच तिकीट आरएसीत अडकलं, तर एका बाकड्यावर दोन मोठी माणसं आणि पाच फुटांचं एक 'बाळ'. बर्थ घेऊन पूर्ण पैसे भरले तर वयाची भानगडच उरत नाही. पण तेवढा शहाणपणा सुचायला परतीचा प्रवास यावा लागतो.

आता कागद. एका पीएनआरवर कोणा एकाचं मूळ ओळखपत्र पुरतं. हीच सोय घात करते, कारण पोराचा कागद मग गोदरेजच्या कपाटात, सासूबाईंच्या पासबुकाखाली सुरक्षित राहतो. बरोबर येतं ते शाळेचं ओळखपत्र. त्यावर रक्तगट असतो, बसचा नंबर असतो, बापाचा मोबाइल असतो, जन्मतारीख मात्र धुऊन गेलेली असते, कारण ते गणवेशासकट दोनदा मशीनमध्ये फिरून आलेलं असतं.

जन्मदाखला सगळ्यात भक्कम. फक्त त्यावर पोराचं नाव आहे का ते बघा! जन्माची नोंद 21 दिवसांत होते, बारसं मात्र मामाला रजा मिळेल तेव्हा. तेवढ्यात दाखला निघतो आणि नावाचा रकाना कोराच राहतो. असा दाखला एवढंच सांगतो की अमुक बाईंना अमुक तारखेला मुलगा झाला. तो हाच, हे कशावरून? नाव पहिल्या 12 महिन्यांत फुकट घालता येतं, नंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. हे काम आज उरका.

आधारवरची तारीख दाखल्याशी जुळवून बघा. पूर्वी गुरुजी शाळेत घालताना सरसकट 1 जून लिहायचे, त्यामुळे आजोबांचा अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला असतो. मार्च 2020 मध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत थांबवली आणि आजोबांचा 1 जून निदान रेल्वेपुरता निवृत्त झाला. नातवाची जन्मतारीख मात्र अजून नोकरीत आहे. मोबाइलमधल्या फोटोवर फार विसंबू नका. डिजिलॉकर दाखवायचं तर सरकारी खात्यानं दिलेल्या कागदांच्या विभागातलं आधार चालतं, आपणच फोटो काढून चढवलेलं नाही.

चुकीचं तिकीट ठरलं, तर फरक भरावा लागतो आणि वर तेवढीच रक्कम किंवा 250 रुपये, जे जास्त असेल ते. वाद घालून ही रक्कम कमी झालेली मी ऐकलेली नाही. डबा सामील होतो, एवढंच.

लेक असेल तर एसटीनं जा. राज्यात 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पाचव्या वाढदिवसापासून पंचाहत्तरीपर्यंत तिचं वय कंडक्टरच्या खिजगणतीत नाही.

आणि टीसीनं कागद बघून परत दिला, तरी तो लगेच बॅगेच्या तळाशी कोंबू नका. लांबच्या गाडीत रात्री टीसी बदलतो. नवा येतो तेव्हा दोन वाजलेले असतात, पोर गाढ झोपलेलं असतं, आणि आडवं झोपलेलं पोर उभ्यापेक्षा निदान फूटभर लांब दिसतं.