शहाण्याने कोर्टाची पायरी जरूर चढावी

तुम्ही संगणक बनवायची कंपनी काढताय म्हणे. अभिनंदन. आता एक विनंती : संगणक बनवायच्या भानगडीत फार पडू नका. आतला प्रोसेसर एकाचा, ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याची, जुळणी तिसऱ्याच्या कारखान्यात. तुमचं म्हणावं असं त्या डब्यावर फक्त नाव उरतं. पोट भरायचं असेल तर पेटंट बाळगा.

पेटंट मिळालं की आपल्याला वस्तू बनवायचा हक्क मिळतो, असा भाबडा समज असेल तर तो आजच सोडा. पेटंट तुम्हाला काहीही बनवायचा हक्क देत नाही, दुसऱ्याला बनवू न देण्याचा देतं. तोही अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. लॅपटॉपचं मॉडेल वर्षभरात शिळं होतं. पैसे कशात गुंतवायचे ते तुम्हीच ठरवा.

अर्ज लिहिताना मात्र हात सैल सोडा. ‘पंखा’ लिहिलंत की संपलात. ‘उष्णता अन्यत्र नेणारे किमान एक साधन’ असं लिहा. आपला बांध नेमका कुठे आहे, हे शेजाऱ्याला नांगर घातल्यावरच कळलं पाहिजे. आणि विषय फार गहन हवा असंही नाही. पडद्यावर कर्सर एक्सॉर क्रियेने (दोनदा केली की सगळं मूळपदावर आणणारी संगणकी क्रिया) उमटवायचा आणि तीच क्रिया पुन्हा करून पुसायचा, एवढ्या कल्पनेवर कॅडट्रॅक या कंपनीला १९८० मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं होतं. पुढे अमिगा हा संगणक बनवणारी कमोडोर कंपनीही त्या कर्सरला अडखळली.

आता महत्त्वाचं. एक उत्तम पेटंट असण्यापेक्षा दहा हजार कशीही असलेली बरी. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीची गोष्ट ऐका. त्यांच्या बाजूच्या वकिलांपैकी गॅरी रीबॅक यांनीच ती पुढे सांगितली. कंपनी नवी होती, तेव्हा आयबीएमची माणसं सात पेटंटं घेऊन दारात आली. सनच्या लोकांनी फळ्यावर आकृत्या काढून एकेकाची चिरफाड केली. काहींत दम नाही, काही आम्हाला लागूच होत नाहीत. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, असेल बुवा, या सातांत नसेल तुमचा दोष. पण आमच्याकडे अमेरिकेतली दहा हजार पेटंटं आहेत. परत जाऊन तुम्हाला लागू होणारी सात शोधून आणू, की आत्ताच दोन कोटी डॉलर देऊन मोकळे होता? सनने थोडी घासाघीस केली आणि चेक फाडला. आपलं बरोबर आहे हे फळ्यावर सिद्ध करणाऱ्यांना मी तेव्हापासून नोकरीवर ठेवू नका म्हणून सांगत असतो.

शत्रू कसा निवडावा? जो मागून येऊन तुमच्या टाचेला लागला आहे, तो. मागे पडलेल्यावर कोण कशाला खटला भरेल? आणि जागा निवडा टेक्सासमधलं मार्शल. गाव लहान, पण पेटंटवाल्यांची ही पंढरी. खटल्याचे पंच (ज्युरी) जिथले होणार तिथल्या लोकांशी सलोखा ठेवावा म्हणून की काय, एका बड्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे कोर्टाशेजारी बर्फावर घसरायचं मैदानही प्रायोजित केलं होतं. २०१७ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ही यात्रा काही काळ बरीच ओसरली होती, हे आमच्या क्षेत्राचं दुर्दैव.

एचपीने मार्च २००७ मध्ये एसरवर इथेच खटला भरला आणि पाठोपाठ अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडेही धाव घेतली. हा आयोग नुकसानभरपाई देत नाही, पण प्रतिस्पर्ध्याचा माल अमेरिकेच्या सीमेवर अडवू शकतो. आपलाही माल त्याच वाटेने येतो, ही बाब अर्जात लिहायची गरज नसते.

एसरनेही हात बांधून बसणं पत्करलं नाही. त्याच वर्षी उलट खटले टाकले आणि ७१ कोटी डॉलर देऊन गेटवे ही संगणक कंपनीच विकत घेतली. ही तीच गेटवे, जिने एचपीशी दोन वर्षं भांडून २००६ मध्ये ४.७ कोटी डॉलर मोजले आणि एकमेकांची पेटंटं वापरायचा सात वर्षांचा परवाना पदरात पाडून घेतला होता. भावकीतलं भांडण असंच असतं, वाटणी झाली की नवी सून येते.

एक मात्र करा, खटल्याआधी स्वतःचे जुने करार वाचा. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एचपीला कोर्टात खेचलं. (तो कॉपीराइटचा दावा होता, पण खोड तीच.) मायक्रोसॉफ्टविरुद्ध पडद्यावरच्या १८९ गोष्टींची यादी दिली. न्यायाधीशांनी तपासलं तर त्यातल्या १७९ गोष्टी वापरायची परवानगी ॲपलनेच १९८५ च्या करारात देऊन ठेवलेली. मध्येच झेरॉक्सने येऊन ॲपलवरच दावा ठोकला, की ही पडद्यावरच्या खिडक्यांची कल्पना मुळात आमची. तिचा दावा बहुतांशी फेटाळला गेला, पण ॲपलचा चेहरा काय झाला असेल तो डोळ्यांसमोर आणा.

जिंकायची घाई करू नका. निकाल लागला तर कोणीतरी हरतं, आणि हरणाऱ्याचं पेटंटही रद्द होऊ शकतं. एचपी आणि एसरने जून २००८ मध्ये तडजोड केली, तशी करा. अटी गुप्त ठेवा, निवेदन दोन ओळींचं काढा.

मग नव्या मॉडेलची ऑर्डर नोंदवा. इतरांसाठी लॅपटॉप जुळवून देणाऱ्या क्वांटा किंवा कॉम्पॅल या तैवानी कंपन्यांना फोन लावलात तरी चालेल. तिकडे तुमचे आणि शत्रूचे लॅपटॉप खटला चालू असतानाही जुळवले जात होतेच, फक्त झाकणावरचं नाव चुकू नये एवढं त्यांना बजावून ठेवा.