रेशमाला 'रश्मी'चं कुळ चिकटवू नका

चवथ जवळ आली की गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे रेशीम हा शब्द 'रश्मी'पासून आला, इंग्रजी 'सिल्क' आपल्या 'शलाके'तून, पोर्तुगिजांनी 'सेदा' इथल्या 'शेल्या'वरून उचलला; आणि रेशमात जीवहत्या नाही म्हणून ते सोवळ्याला चालतं.

रेशीम शब्द फारसी आहे. मूळ 'अब्रेशम', आरंभीचं अक्षर गळून रेशम, आपल्याकडे रेशीम. यात कमीपणा कसला? संस्कृतात कोशापासून झालेला 'कौशेय' होताच, आणि तो साधायला पाणिनीने सूत्रही दिलंय. कौटिल्य तर 'चीनपट्ट' चीनभूमीतला असं स्वच्छ लिहितो. कालिदासाचा दुष्यंत मागे ओढ घेणाऱ्या आपल्या मनाला वाऱ्याविरुद्ध नेलेल्या ध्वजाच्या चीनांशुकाची उपमा देतो. त्या मंडळींना चीनचं नाव घेताना लाज वाटली नाही, फॉरवर्डवाल्यांना वाटते!

'सिल्क'चा माग लागतो तो रेशमाच्या देशातल्या लोकांना ग्रीकांनी दिलेल्या 'सेरेस' या नावापर्यंत. जुन्या इंग्रजीत 'सेओलोक', रशियनमध्ये 'शोल्क'. मधला 'र' जाऊन 'ल' कुठे आला, यावर पंडितांचा वाद आहे. पण त्या वादात शलाका कुठेच नाही.

शेल्याची गोष्ट मात्र गमतीची. स्पॅनिशमध्येही 'सेदा', इटालियनमध्ये 'सेता', फ्रेंचमध्ये 'स्वा'. सगळ्यांचं मूळ लॅटिन 'सएता', म्हणजे जाड राठ केस. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये; त्याआधी इटलीला शेला कोणी पाठवला होता? पोर्तुगीज शब्द घरून घेऊनच आले. पुढे मकाववरून गोव्याला उतरलेलं चिनी रेशीम लिस्बनला गेलं, तो निव्वळ व्यापार.

राहिली जीवहत्या. पतंग कोश फोडून बाहेर पडला की धागा तुटतो. शेकडो मीटरचा अखंड धागा हवा म्हणून आतला जीव वाफेने किंवा गरम हवेने आधीच मारतात. सोवळ्याला दुसरं कारण शोधा.

आणि दुकानातला 'आर्ट सिल्क'चा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, सोवळ्याचा मुकटा? तो बहुधा रेयॉन नाहीतर पॉलिस्टर. काठाचा सुटा धागा जाळून बघा: खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख चिमटीत भुरभुरते, रेयॉनला जळक्या कागदाचा वास, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. जीवहत्या नकोच असेल तर तो मुकटा खुशाल नेसा, फक्त रेशमाचे पैसे मोजू नका.